कमरेचा पट्टा, दोन फिती आणि मैदानाचा हक्क

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात एक निर्णय झाला. लॉस एंजेलिस येथे २०२८ मध्ये होणाऱ्या ऑलिम्पिकसाठी पाच जादा खेळांना मंजुरी देण्यात आली. १९०० नंतर क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये परत येणार म्हणून सगळीकडे जयजयकार झाला. उरलेले चार खेळ एका ओळीत आटोपले गेले. स्क्वॉश, लॅक्रोस, बेसबॉल-सॉफ्टबॉल आणि फ्लॅग फुटबॉल.

निर्णय आमच्या मुंबईत झाला, पण यातला शेवटचा खेळ ज्या वस्त्यांतल्या पोरांना सहज परवडेल, त्या वस्त्यांपर्यंत त्याचे नावही पोहोचले नाही. म्हणून आज आम्ही या स्तंभात निवडणुका आणि युत्या बाजूला ठेवून एका खेळाच्या साहित्याची यादी मांडणार आहोत. वाचक म्हणतील, वकिलाला हे काय सुचले? त्यांनी शेवटपर्यंत वाचावे. यादी मांडता मांडता राजकारण आपोआप समोर येईल.

फ्लॅग फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉल नावाचा जो धसमुसळा खेळ आहे, त्याचा हा सौम्य भाऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लष्करी तळांवर, सैनिक खेळता खेळता जायबंदी होऊ नयेत म्हणून तो रुजला. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू. चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा साथीदाराकडे फेकायचा आणि समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचवायचा. त्याला टचडाऊन म्हणतात, त्याचे सहा गुण. मूळ खेळात चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या अंगावर झेप घेऊन त्याला खाली पाडतात. येथे पाडायचे नाही, ढकलायचे नाही, धरायचे नाही. पळणाऱ्याच्या कमरेला लटकणाऱ्या दोन फितींपैकी एक ओढून काढली की चाल तेथेच थांबते. चार प्रयत्नांत मध्यरेषा ओलांडायची, आणखी चार प्रयत्नांत गुण मिळवायचा. वीस-वीस मिनिटांची दोन सत्रे. कबड्डीत हुलकावणी द्यायला शिकलेल्या पोराला हा खेळ समजायला फार वेळ लागणार नाही.

आता साहित्य. पहिले, कमरेचा पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक फीत. फीत साधारण दोन इंच रुंद आणि पंधरा इंच लांब. ती पट्ट्याला अशी अडकवलेली असते की ओढताच सुटून हातात येते. तिला गाठ मारायची नाही. गाठ मारली तर ओढणाऱ्याबरोबर पळणाराही आपटतो, आणि तो नियमभंगही ठरतो. दुसरे, चेंडू. दोन्ही टोकांना निमुळता, पूर्ण आकाराचा असेल तर सुमारे अकरा इंच लांब आणि वजनाला चारशे ग्रॅमच्या आसपास. लहान मुलांसाठी त्याहून छोटा मिळतो. तो चामड्याचाच हवा असे नाही, सरावाला रबराचा चालतो. तिसरे, दात सांभाळणारा माउथगार्ड. चौथे, बिनखिशाची चड्डी, कारण खिसा असला की फीत ओढणाऱ्याची बोटे त्यात अडकून मोडतात. जर्सी आत खोचलेली, म्हणजे फीत झाकली जात नाही. फितीचा रंग चड्डीहून वेगळा, म्हणजे ती लांबून दिसते. पाचवे, बूट. रबरी स्टडचे चालतात, धातूचे खिळे चालत नाहीत. सहावे, मैदान आखायला चुना किंवा कोन आणि पंचाची शिट्टी. येथे दुकानातली यादी संपली. हेल्मेट नाही, खांद्यावरचे कवच नाही. बोट मुरगळणे, गुडघा दुखावणे, डोक्याला डोके लागणे हे याही खेळात होते, ते आम्ही लपवत नाही. पण माणूस माणसावर आदळावा अशी त्या खेळाची रचनाच नाही.

या साध्या यादीची किंमत कळायची असेल तर मूळ खेळाचे साहित्य पाहावे लागेल. अमेरिकन फुटबॉलचे एक हेल्मेटच काही शे डॉलरला पडते, त्यावर खांद्याचे कवच आणि इतर सरंजाम. एवढे करूनही माणूस सुरक्षित नाही. १९०५ च्या एका हंगामात या खेळाने डझनाहून अधिक तरुणांचा जीव घेतला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आपल्या आवारातून हा खेळ हद्दपार केला. तेच कोलंबिया, जेथे १९१३ मध्ये बाबासाहेब दाखल झाले. बाबासाहेब तेथे शिकत असतानाच, १९१५ मध्ये, विद्यापीठाने तो खेळ पुन्हा सुरू केला. पुढे हेल्मेट आले, सुधारत गेले. हेल्मेटने कवटी फुटणे थांबते, पण कवटीच्या आत मेंदू हादरणे थांबत नाही. २००२ मध्ये नायजेरियात जन्मलेल्या डॉ. बेनेट ओमालू यांनी माइक वेब्स्टर या माजी खेळाडूच्या मेंदूची तपासणी केली, आणि वर्षानुवर्षांच्या आघातांनी मेंदू कसा झिजतो हे जगापुढे आले.

येथून पुढची गोष्ट आम्हाला वकील म्हणून अधिक बोचते. माजी खेळाडूंनी नॅशनल फुटबॉल लीगवर दावे लावले, २०१५ मध्ये न्यायालयाने नुकसानभरपाईची तडजोड मान्य केली. ज्याला स्मृतिभ्रंश झाला त्याला पैसे मिळणार. पण स्मृतिभ्रंश झाला की नाही हे ठरवताना कृष्णवर्णीय खेळाडूंचे गुण वेगळ्या फूटपट्टीने मोजले जात होते. त्यांची बुद्धी मुळातच कमी असणार, मग ऱ्हास झालाच किती, असे ते गणित! ज्याने डोके फुटेस्तोवर खेळून मालकांच्या तिजोऱ्या भरल्या, त्याला भरपाई देताना त्याचा वंश काढला गेला. केव्हिन हेन्री आणि नाजेह डेव्हनपोर्ट या दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये त्याविरुद्ध न्यायालय गाठले. २०२१ मध्ये लीगला ही पद्धत सोडून देत असल्याचे जाहीर करावे लागले आणि २०२२ मध्ये न्यायालयाने सुधारित योजना मान्य केली. विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकातली ही गोष्ट आहे. गुणवत्तेच्या नावाने आमच्या मुलांच्या कपाळावर शिक्का मारणाऱ्यांचे भाऊबंद जगभर पसरले आहेत, एवढाच याचा अर्थ.

त्याच लीगचा आणखी एक इतिहास आहे आणि तो थेट लॉस एंजेलिसशी जोडलेला आहे. १९३४ ते १९४५ या काळात त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला गेला नाही. बंदीचा कागद कोणी काढला नव्हता. मालकांचे एकमेकांत ठरले होते, तेवढे पुरे होते. आपल्याकडेही देवळाच्या दारावर पाटी नसते, तरी कोणी आत जायचे नाही हे सर्वांना ठाऊक असते. १९४६ मध्ये रॅम्स नावाचा संघ क्लीव्हलँडहून लॉस एंजेलिसला आला आणि त्याने तेथील कोलिझियम हे स्टेडियम भाड्याने मागितले. तेव्हा 'लॉस एंजेलिस ट्रिब्यून' या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राचे पत्रकार हॅली हार्डिंग स्टेडियमच्या आयोगापुढे उभे राहिले. मुद्दा साधा होता. हे स्टेडियम जनतेच्या पैशाचे आहे, त्या पैशात कृष्णवर्णीयांचाही कर आहे, मग त्यांना वगळणाऱ्या संघाला ते भाड्याने देताच कसे? संघाला नमावे लागले. त्याच वर्षी केनी वॉशिंग्टन आणि वूडी स्ट्रोड हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू रॅम्सने घेतले. चळवळीचे वर्तमानपत्र काय करू शकते याचे हे उदाहरण आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे. आणि हेही लक्षात ठेवावे की त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखवले होते.

हार्डिंग यांचा युक्तिवाद आपल्याला अनोळखी आहे काय? १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव याच पायावर उभा होता. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असल्या पाहिजेत. त्याच पायावर १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे पेटले. आणि त्याच तत्त्वाला बाबासाहेबांच्या संविधानाने अनुच्छेद १५(२) मध्ये स्थान दिले. विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि राज्याच्या निधीतून राखलेली सार्वजनिक वापराची ठिकाणे यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही अडवता येणार नाही. सार्वजनिक क्रीडांगण या तरतुदीबाहेर कसे राहील? आम्ही शाळेत, सभेत, व्याख्यानमालेत हा अनुच्छेद सांगतो तेव्हा विहिरीवर थांबतो. मैदानापर्यंत जात नाही.

खेळाच्या मैदानावर आमच्या माणसाचे काय झाले, हेही आठवून पाहावे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील डावखुरे गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. चामड्याचा चेंडू त्यांच्या हातून स्वीकारायला संघातील सवर्णांची हरकत नव्हती. चहाच्या वेळी मात्र त्यांचे भांडे वेगळे आणि जागा मंडपाबाहेर. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही, ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण तो राजकीय मतभेद. त्यांच्यावर झालेला अन्याय त्यामुळे लहान होत नाही. जनावराचे कातडे सोलणारा, कमावणारा अस्पृश्य, आणि त्याच कातड्याचा चेंडू मात्र पवित्र! साहित्य आमच्या हातचे आणि मैदान त्यांचे, ही येथील क्रीडासंस्कृतीची खरी ओळख.

कमरेला फीत बांधायची म्हटल्यावर आमच्या मनात पहिल्यांदा काय आले, तेही सांगतो. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर चालताना आमच्या पूर्वजांच्या कमरेला झाडू बांधला जात होता. त्या समाजाच्या लेकरांनी पुन्हा कमरेला काही बांधायचे? क्षणभर अंगावर काटा आला. पण फरक नीट पाहिला पाहिजे. तो झाडू एकाच समाजाच्या कमरेला होता आणि तो सोडण्याची मुभा नव्हती. येथे दोन्ही बाजूंच्या दहाही खेळाडूंच्या कमरेला सारखीच फीत, सारख्याच लांबीची, आणि ती ओढून काढण्याचा हक्क प्रत्येकाला. समोरच्याला न शिवण्याचा नियमही दोघांना सारखाच. जो नियम सर्वांना सारखा, तो कोणाचाच अपमान करत नाही. आम्हाला संविधानाने जे शिकवले ते एवढेच.

साहित्य स्वस्त झाले की काय घडते, याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २०२२ मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात वर्ल्ड गेम्स झाले. त्याच शहरात १९६३ मध्ये वर्णभेदाविरुद्ध लढताना मार्टिन ल्यूथर किंग यांना तुरुंगात टाकले होते. तेथे महिलांच्या फ्लॅग फुटबॉलच्या अंतिम सामन्यात मेक्सिकोने अमेरिकेला, तिच्याच खेळात, तिच्याच भूमीवर ३९-६ असे हरवले. हेल्मेट आणि कवचांचा खर्च गळून पडला की मागे उरते ते पाय, नजर आणि सराव. ते गरिबाकडेही असते. २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये या खेळात पुरुषांचे सहा आणि महिलांचेही सहाच संघ असतील, प्रत्येक संघात दहा खेळाडू.

पण साहित्य स्वस्त झाले म्हणजे दार उघडले, असे समजण्याइतके आम्ही भोळे नाही. खेळाला प्रतिष्ठा आली की प्रस्थापित धावत येतात. अमेरिकेच्या संघाला जगज्जेतेपदे मिळवून देणारा क्वार्टरबॅक डॅरेल डुसेट याने २०२४ मध्ये जाहीर तक्रार केली. या खेळाला कोणी विचारत नव्हते तेव्हा आम्ही तो वाढवला, आता ऑलिम्पिक आले तर मोठ्या लीगचे तारे आमच्या जागा आपोआप घेणार काय, असा त्याचा सवाल होता. मे २०२५ मध्ये लीगच्या संघमालकांनी आपल्या खेळाडूंना ऑलिम्पिकसाठी प्रयत्न करण्याची मुभा दिली. आपल्याकडे वेगळे घडेल काय? महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी बोगस क्रीडा प्रमाणपत्रे मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आलेली आहेत. नवा खेळ आला की आधी संघटनेची पाटी लागते, मग प्रमाणपत्राचा बाजार, आणि वस्तीतले पोर मैदानावर येईपर्यंत सगळ्या खुर्च्या भरलेल्या असतात. म्हणून आजच सावध व्हायचे.

आणि आता यादीतले सातवे साहित्य, जे कोणत्याही दुकानात मिळत नाही. मैदान. फ्लॅग फुटबॉलला शेवटच्या पट्ट्यांसह सत्तर यार्ड लांब आणि पंचवीस यार्ड रुंद जागा लागते, म्हणजे सुमारे चौसष्ट मीटर बाय तेवीस मीटर. कबड्डीचे मैदान तेरा बाय दहा मीटरचे असते, ते विहारासमोरही बसते. हे बसत नाही. ही जागा मिळते ती विकास आराखड्यातील क्रीडांगणाच्या आरक्षणातून. या आरक्षणाची चर्चा आमच्या सभांत कधीच होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येते. कलम ३७ प्रमाणे आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा तरी आधी जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. सूचना निघते, कोणी वाचत नाही, हरकत येत नाही, मैदान जाते.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. आमच्या वस्तीच्या कडेला क्रीडांगणासाठी आरक्षित भूखंड होता. पोरे तेथे क्रिकेट खेळत, आम्हीही लहानपणी खेळलो. एके दिवशी तेथे पत्रे ठोकले गेले तेव्हा आम्ही धावत जाऊन कागद काढले. नोटिशीची मुदत कधीच उलटून गेली होती. आज तेथे इमारत उभी आहे. दोष संबंधित कार्यालयाचा आहेच. पण आम्ही वकील असून, रोज त्या भूखंडावरून कोर्टात जात असून, इतक्या वर्षांत एकदाही तो नकाशा उघडून पाहिला नव्हता. ही कबुली द्यायला लाज वाटते, तरी देतो. दुसऱ्या वस्तीतल्या वकिलाने ती चूक करू नये.

काही कार्यकर्ते म्हणतील, बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, चेंडूमागे पळा म्हणून नाही. आक्षेप रास्त आहे. पुस्तक सोडून मैदानावर जा असे आम्ही कोणालाही सांगणार नाही, आणि ऑलिम्पिकचे गाजर दाखवून पोरांची वर्षे वाया घालवणाऱ्यांचे तर आम्ही शत्रू आहोत. पण ज्या मुलाला संध्याकाळी मैदान मिळत नाही त्याला पानटपरी मिळते, हे वस्तीत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. आणि मुलींचे काय? त्यांच्यासाठी तर तेही नाही, थेट घर आणि धुणीभांडी. ज्या खेळात अंगाला हात लावणे हाच नियमभंग आहे, तो खेळायला मुलीला पाठवताना आईबापांची एक मोठी भीती तरी कमी होते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या शासकीय निवासी शाळांत आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांत या खेळाचे साहित्य द्यावे, आणि मैदान नसेल तेथे जवळच्या सरकारी मैदानावर ठरलेली वेळ लेखी द्यावी. मुलींना वेगळी वेळ नव्हे, समान वेळ द्यावी. सरकार देईपर्यंत थांबायची गरज नाही. भीमजयंतीला एका रात्रीच्या डीजेला जे भाडे जाते त्यात किती पट्टे आणि किती चेंडू येतील, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने एकदा करून पाहावा. सरावाला तर पट्टाही विकत लागत नाही. जुन्या कापडाच्या दोन पट्ट्या चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये खोचल्या की खेळ सुरू होतो.

पण त्याआधी एक काम. प्रत्येक वस्तीतील दोन तरुणांनी या महिन्यात नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत जाऊन आपल्या भागाच्या विकास आराखड्याची प्रत मागावी. दिली नाही तर २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज करावा. क्रीडांगणाचे आरक्षण कोठे आहे, आराखडा कोणत्या तारखेला अंमलात आला, खरेदीची नोटीस आली आहे काय, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. उत्तर हाती आले की वस्तीतल्या कोणत्याही वकिलाकडे जावे. पैसे न घेता तो कागद वाचून देणे हे आम्हा वकिलांचे काम आहे. पट्टा, फिती आणि चेंडू नंतर कधीही घेता येतील. मैदान एकदा गेले की परत मिळत नाही.

जयभीम!